आयकन : संतचित्रांतील प्रतीकविधान

ख्रिस्ती धर्मात, विशेषतः पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत, येशू ख्रिस्त, कुमारी मेरी, देवदूत व संत ह्यांच्या वंदनीय चित्रप्रतिमांना ‘आयकन’ असे म्हणतात. सादृश्य वा प्रतिमा ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ही संज्ञा रूढ झाली. स्थूलमानाने भित्तिलेपचित्रे, कुट्टिमचित्रे, धातूवरील मीनाकाम इत्यादींतील प्रतिमांनाही ती लावली जाते. तथापि प्रचलित अर्थाने लाकडी फलकावर रंगविलेले चित्र तीतून अभिप्रेत असते. संतांच्या आयकन चित्रांत व्यक्तीच्या बाह्य रूपाची हुबेहूब नक्कल करण्याचा हेतू नसतो. मानवी देहात राहून पावित्र्य प्राप्त झालेल्या व्यक्तीचे रूप दाखविणे, हा त्यांचा उद्देश असतो. त्यासाठी मुखाची ठेवण, वर्ण, वेष, हातांतील वस्तू, हस्तमुद्रा, अक्षरलेख व पार्श्वभूमी ह्या सर्वांची मिळून एक सांकेतिक भाषा सिद्ध झाली. भारतीय मूर्तिशास्त्रात ज्याप्रमाणे आयुधे, वाहने व मुद्रा ह्यांवरून देवतेची ओळख पटते, त्याप्रमाणे आयकनमधील संतही मुख्यतः लक्षणांवरून ओळखला जातो.

उगम : ख्रिस्ती संतचित्रांचे पूर्वरूप रोमन साम्राज्यातील व्यक्तिचित्रांत आढळते. ईजिप्तमधील फायूम प्रदेशात सापडलेली, इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील, ममींवर बसविलेली मृतांची चित्रे ह्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. मोठे डोळे, समोर रोखलेली दृष्टी व वितळलेल्या मेणात रंग कालवून केलेले चित्रण ही त्यांची वैशिष्ट्ये आरंभीच्या आयकन चित्रांतही दिसतात. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियन (कार. ५२७–६५) ह्याने बांधविलेल्या, पुढे सेंट कॅथरिनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मठात सहाव्या-सातव्या शतकांतील काही आयकन चित्रे सुरक्षित राहिली. त्यांपैकी एकात कुमारी मेरीच्या दोन्ही बाजूंस दोन योद्धे संत उभे आहेत. ते थिओडोर व जॉर्ज असावेत असे मानले जाते. त्यांच्या हातांत क्रूस आहेत, अंगावर राजदरबारातील अधिकाऱ्यांचा वेष आहे आणि मस्तकांमागे तेजोवलये आहेत. संतचित्रणाचे मूलभूत संकेत एवढ्या लवकर निश्चित होऊ लागले होते, हे ह्यावरून स्पष्ट होते.

प्रतिमाभंजनाचा वाद : संतचित्रांतील प्रतीकविधानाला तात्त्विक बैठक मिळाली, ती त्यांवर आलेल्या प्राणसंकटातून. कोरीव वा रंगविलेल्या प्रतिमांची उपासना करू नये, ही जुन्या करारातील आज्ञा आधारभूत धरून बायझंटिन सम्राट तिसरा लिओ (कार. ७१७–४१) ह्याने ७२६ च्या सुमारास प्रतिमांविरुद्ध धोरण स्वीकारले. त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन ह्याच्या कारकीर्दीत, ७५४ मध्ये हीएरिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रतिमांचा निषेध केला. अनेक चित्रे नष्ट करण्यात आली. त्यांचे समर्थन करणाऱ्या मठवासीयांचा छळ झाला. सिनाई येथील चित्रे वाचली, कारण तो प्रदेश तेव्हा मुस्लिम सत्तेखाली असल्यामुळे सम्राटाची आज्ञा तेथे चालत नव्हती.

प्रतिमांचा कैवार घेणाऱ्यांत दमास्कसचा जॉन (सु. ६७५–७४९) हा अग्रणी होता. अदृश्य ईश्वराचे चित्र काढता येत नाही हे खरे. परंतु ईश्वर ख्रिस्तरूपाने देहधारी झाल्यामुळे त्या देहाचे चित्र काढता येते, असे त्याने प्रतिपादन केले. जड द्रव्याची उपासना करावयाची नसून द्रव्याच्या द्वारे उद्धार घडविणाऱ्याची करावयाची आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. केवळ ईश्वरास देय असलेली उपासना आणि संत, क्रूस, धर्मग्रंथ इत्यादींस देय असलेले वंदन ह्यांत प्रतिमासमर्थकांनी भेद केला. प्रतिमेला केलेले वंदन तिच्या मूळ व्यक्तीस पोहोचते, हे तत्त्व ७८७ मध्ये नायसीया येथील दुसऱ्या परिषदेने मान्य केले. ८१५ मध्ये प्रतिमाभंजनाने पुन्हा डोके वर काढले. ह्या काळात स्टूडिओसचा थिओडोर (७५९–८२६) ह्याने प्रतिमांची बाजू मांडली. अखेर ८४३ मध्ये राणी थिओडोराने प्रतिमांची पुनःप्रतिष्ठा केली. ही घटना ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अद्यापि उपवासकालाच्या पहिल्या रविवारी साजरी केली जाते.

ह्या वादाचा चित्रकलेवर दूरगामी परिणाम झाला. चित्र म्हणजे संत नव्हे, पण ते त्या संताचेच आहे, अशी दुहेरी अट चित्रकारावर आली. देहाचा भास निर्माण करणारे पूर्णाकृती शिल्प पूर्वेकडील चर्चमध्ये मागे पडले व सपाट फलकास प्राधान्य मिळाले. संताच्या ओळखीबाबत संदिग्धता राहू नये म्हणून लक्षणांची निश्चिती अधिक काटेकोर झाली.

नामलेख : प्रतिमाभंजनोत्तर काळात संताचे नाव चित्रावर लिहिणे आवश्यक मानले जाऊ लागले. नामाने प्रतिमा मूळ व्यक्तीशी जोडली जाते, अशी ह्यामागील धारणा आहे. ख्रिस्ताच्या बाजूंस त्याच्या नावाची ग्रीक लघुरूपे आणि मेरीच्या बाजूंस ‘ईश्वराची माता’ ह्या अर्थाची लघुरूपे लिहिलेली असतात. ख्रिस्ताच्या तेजोवलयात क्रूसाकृती असून तीवर ‘जो आहे तो’ ह्या अर्थाची ग्रीक अक्षरे असतात. असे वलय संतांना कधीही देत नाहीत. रशियातील आयकन चित्रांवर संतांची नावे स्लाव्हिक लिपीत लिहिली जात.

मुख व देह : आयकनमधील संताचे कपाळ विस्तीर्ण, डोळे मोठे, नाक लांब व निमुळते आणि ओठ लहान व मिटलेले असतात. कपाळ हे ज्ञान व चिंतनाचे, डोळे आंतरिक दृष्टीचे आणि मिटलेले ओठ मौनाचे द्योतक समजले जातात. इंद्रियसुखाचा त्याग केलेला देह कृश व उंच दाखविण्यात येतो. वाळवंटात दीर्घकाळ तप करणाऱ्या ईजिप्तच्या मेरीची हाडे दिसावीत इतकी ती क्षीण असते. चेहऱ्यावर क्षणिक भावना दाखविण्याचे टाळले जाते. हौतात्म्याच्या प्रसंगीही संताची मुद्रा शांत असते. संत प्रेक्षकाकडे पूर्णतः सन्मुख असतो किंवा ख्रिस्ताकडे किंचित वळलेला असतो. केवळ एका बाजूचा चेहरा सामान्यतः जूडास, सैतान वा पावित्र्य न लाभलेल्या व्यक्ती ह्यांनाच दिला जातो. ज्याचे दोन्ही डोळे दिसत नाहीत त्याच्याशी भक्ताचे सान्निध्य घडत नाही, ही त्यामागील कल्पना होय. इथिओपियाच्या चित्रपरंपरेत हा संकेत विशेष स्पष्ट आहे : सज्जन दोन डोळ्यांनिशी आणि दुष्ट एका डोळ्यानिशी रंगविले जातात.

मस्तकामागील तेजोवलय ख्रिस्तपूर्व परंपरांतूनही परिचित होते. ग्रीक-रोमन देवता व गांधार शैलीतील बुद्धमूर्ती ह्यांना ते आढळते. ख्रिस्ती कलेत ते संताने ग्रहण केलेल्या दैवी प्रकाशाचे चिन्ह ठरले. रोममध्ये चित्रणसमयी हयात असलेल्या व्यक्तीस चौकोनी वलय देण्याची पद्धत होती, सांता प्रास्सेदे चर्चमधील पोप पहिला पास्काल (कार. ८१७–२४) ह्याचे कुट्टिमचित्र हे तिचे उदाहरण होय.

रंग, सुवर्ण व तंत्र : आयकन तयार करण्याची कृतीही प्रतीकार्थाशी निगडित आहे. वाळविलेल्या लाकडी फलकावर तागाचे कापड चिकटवून त्यावर खडूची पूड व सरस ह्यांच्या मिश्रणाचे अनेक थर देतात. पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यावर रेखांकन करून सोन्याचा वर्ख बसवितात आणि अंड्यातील बलकात कालविलेल्या खनिज रंगांनी चित्र रंगवितात. चेहऱ्यावर प्रथम गडद हिरवट-तपकिरी थर देऊन त्यावर क्रमाक्रमाने उजळ थर चढविले जातात. अंधाराकडून प्रकाशाकडे होणारी ही वाटचाल आध्यात्मिक उन्नतीची सूचक मानतात. शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा लेप दिला जातो.

सुवर्ण पार्श्वभूमी म्हणजे आकाश नव्हे. स्थलकालातीत अशा ईश्वरी प्रकाशाचे ते प्रतीक आहे. प्रकाश सर्वत्र असल्यामुळे आकृतींना पडछाया नसतात. तांबडा रंग हौतात्म्य, रक्त व जीवनशक्ती ह्यांचा, पांढरा पावित्र्य व पुनरुत्थानाचा, निळा स्वर्गीयतेचा, हिरवा नवजीवनाचा आणि काळा मृत्यू व नरकाच्या गर्तेचा सूचक समजला जातो. मात्र ह्या अर्थांना शब्दकोशाप्रमाणे निश्चित मानणे योग्य नव्हे. प्रदेश, काल व उपलब्ध रंगद्रव्ये ह्यांनुसार त्यांत फरक पडतो. उदा., नॉव्हगोरॉड येथील चित्रकारांनी सोन्याच्या जागी अनेकदा झगझगीत तांबडी पार्श्वभूमी योजिली. त्यांचे प्रेषित एलिजाचे आयकन त्यासाठी प्रसिद्ध आहे. अग्निरथातून स्वर्गारोहण करणाऱ्या एलिजाच्या बाबतीत ती विशेष अन्वर्थक ठरते.

संतवर्ग व त्यांची चिन्हे : संताचा वर्ग प्रथम वेष व हातांतील वस्तू ह्यांवरून कळतो. हुतात्म्यांच्या हाती लहान क्रूस असतो. बिशपांच्या खांद्यांवर क्रूसांकित रुंद पट्टा व हाती शुभवर्तमानाचा ग्रंथ असतो. ग्रंथाच्या पवित्रतेमुळे तो हात बहुधा वस्त्राने झाकलेला असतो. प्रेषितांच्या अंगावर प्राचीन अंगरखा व उपरणे असून हाती गुंडाळी वा ग्रंथ असतो. जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या उलगडलेल्या गुंडाळ्यांवर त्यांची भविष्यवचने लिहिलेली असतात. मठवासी संत काळ्या-तपकिरी वस्त्रांत दिसतात. मोबदला न घेता रुग्णसेवा करणाऱ्या वैद्य संतांच्या—उदा., कॉस्मस, डेमियन व पँटेलिमॉन—हाती औषधांची पेटी व चमचा असतो. योद्धे संत चिलखत धारण करतात. मूढत्वाचे सोंग घेऊन राजसत्तेला खडसावणारे रशियातील ‘ख्रिस्तासाठी वेडे’ संत अर्धनग्न अवस्थेत रंगविले जातात. मॉस्कोचा बॅसिल हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम होय. १०१५ मध्ये सत्तास्पर्धेत मारले गेलेले राजपुत्र बोरिस व ग्लेब ह्यांना क्रूस व तलवार अशी दोन्ही चिन्हे मिळाली : एक प्रतिकार न करता पत्करलेल्या मृत्यूचे, तर दुसरे राजकुलाचे.

वर्गांतर्गत ओळख केस, दाढी व वय ह्यांवरून पटते. पीटरचे केस आखूड, कुरळे व पांढरे असतात. पॉलचे कपाळ केशविरहित असून दाढी लांब व गडद असते. थोर बॅसिलची दाढी काळी व निमुळती, जॉन क्रिसोस्तोमची आखूड व विरळ, तर धर्मवेत्ता ग्रेगरीची पांढरी व रुंद असते. जॉर्ज हा कुरळ्या केसांचा, दाढी नसलेला तरुण असतो. भारतात धर्मप्रसारासाठी आला असे परंपरा मानते तो प्रेषित टॉमस ह्याचेही चित्रण बायझंटिन परंपरेत दाढी नसलेला तरुण असेच आढळते.

काही चिन्हांमागे कथा असतात. मायराचा बिशप निकोलस ह्याच्या दोन्ही बाजूंस लहान आकारात ख्रिस्त व मेरी दिसतात. एक त्यास ग्रंथ व दुसरी बिशपपदाचा पट्टा देत असते. नायसीयाच्या पहिल्या परिषदेत (३२५) पाखंडी मतावर संतापून हात उचलल्यामुळे त्याचे पद काढून घेण्यात आले व दैवी हस्तक्षेपाने ते परत मिळाले, अशी आख्यायिका आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास कधीकधी पंख दाखवितात. ‘दूत’ व ‘देवदूत’ ह्या दोहोंसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द असून ख्रिस्ताचा मार्ग सिद्ध करणारा दूत म्हणून त्याचे वर्णन येते. क्रिस्टोफर हा श्वानमुखी वंशातील होता, ह्या दंतकथेनुसार त्यास कुत्र्याचे मस्तक देण्याची प्रथा होती. अशा अस्वाभाविक चित्रणास रशियाच्या धर्मसभेने १७२२ मध्ये मनाई केली.

हस्तमुद्रा : छातीसमोर धरलेले उघडे तळवे ईश्वरी कृपेच्या स्वीकाराचे, तर वर उचललेले दोन्ही हात प्रार्थनेचे चिन्ह होय. आशीर्वादाच्या एका मुद्रेत बोटांच्या ठेवणीतून ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरे सूचित होतात. रशियात ह्या मुद्रेवरून तीव्र संघर्ष झाला. जुन्या परिपाठानुसार क्रूसचिन्ह करताना दोन बोटे सरळ ठेवीत. ती ख्रिस्ताच्या दैवी व मानवी अशा दोन स्वभावांची, तर जुळविलेली उरलेली तीन बोटे त्रैक्याची निदर्शक मानीत. कुलगुरू निकॉनने १६५३ पासून सुरू केलेल्या सुधारणांत तीन बोटांची पद्धत आली आणि १६६६–६७ च्या परिषदेने तिला मान्यता दिली. जुन्या रीतीस चिकटून राहणाऱ्यांना बहिष्कृत व्हावे लागले. काशिनची आन्ना ह्या संत राणीच्या अवशेषांत उजव्या हाताची दोन बोटे सरळ आहेत, असे जुन्या पंथाचे लोक पुराव्यादाखल सांगू लागताच १६७७–७८ मध्ये तिचे संतपद रद्द करण्यात आले. ते १९०९ मध्ये पुन्हा बहाल झाले. बोटांची ठेवण हा केवळ चित्रकाराच्या कौशल्याचा विषय नव्हता, हे ह्या उदाहरणावरून दिसून येते.

अवकाशरचना : आयकनमध्ये इमारती, आसने व ग्रंथ ह्यांच्या समांतर रेषा दूर जाताना एकत्र येण्याऐवजी फाकत जातात. ह्या विपरीत यथादर्शनाची चर्चा रशियन धर्मचिंतक पाव्हेल फ्लोरेन्स्की (१८८२–१९३७) ह्याने केली. रेषांचा संगमबिंदू चित्राच्या आत नसून प्रेक्षकाच्या बाजूस असल्यामुळे संतच भक्ताकडे पाहत आहे, असा प्रत्यय येतो. घटना घराच्या आत घडते हे सुचविण्यासाठी छपरांवरून तांबडे वस्त्र पसरलेले दाखवितात. आकृतीचा आकार अंतरावर अवलंबून नसून महत्त्वावर अवलंबून असतो.

संतचरित्रे सांगणाऱ्या आयकनमध्ये मध्यभागी संताची मोठी आकृती व चारही कडांच्या चौकटींत जन्म, चमत्कार, छळ व मृत्यू ह्यांचे प्रसंग असतात. मध्यवर्ती आकृती कालातीत असते, तर चौकटी कालक्रमाने वाचावयाच्या असतात. चर्चमधील वेदीपुढील आयकनभिंतीवर मेरी, योहान व इतर संत मध्यभागीच्या ख्रिस्ताकडे नम्रपणे वळलेले असतात. मानवजातीसाठी त्यांनी केलेली मध्यस्थी त्यातून सूचित होते.

नियम व स्वातंत्र्य : चित्रकारांसाठी नमुनापुस्तके प्रचलित होती. ॲथॉस पर्वतावरील मठात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फूर्नाच्या डायोनिसियसने संकलित केलेल्या ग्रंथात संतांचे वय, दाढी, वचने व रंगकृती दिल्या आहेत. रशियात १५५१ च्या ‘शंभर प्रकरणांच्या’ परिषदेने प्राचीन ग्रीक चित्रकार व आंद्रे रूब्ल्यॉव्ह (सु. १३६०–१४३०) ह्यांचा आदर्श पुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि चित्रकाराने सदाचारी असावे असेही बजावले. तरीही प्रतिभावंतांना वाव राहिला. अब्राहमकडे आलेल्या तीन देवदूतांच्या कथेतून यजमान व इतर तपशील वगळून रूब्ल्यॉव्हने ‘त्रैक्या’चे जे आयकन रंगविले, ते परंपरेचे पालन करूनही नवे होते. सतराव्या शतकात सायमन उशाकॉव्ह (१६२६–८६) ह्याच्यासारख्या चित्रकारांनी छायाप्रकाशाचा पाश्चात्त्य प्रयोग स्वीकारला. असे मांसल व गुबगुबीत चेहरे तपस्व्यांना शोभत नाहीत, अशी कठोर टीका जुन्या पंथाचा नेता अव्हाकुम ह्याने केली. १६८२ मध्ये त्यास जिवंत जाळण्यात आले. प्रतिमांच्या शैलीबाबत त्याचा शत्रू निकॉन ह्याचेही मत फारसे वेगळे नव्हते. पाश्चात्त्य धर्तीची आयकन चित्रे त्यानेही फोडविली होती.

पाश्चात्त्य परंपरा व गोवा : पश्चिम यूरोपात संतांची ओळख मुख्यतः वस्तुचिन्हांवर विसंबून राहिली : पीटरच्या किल्ल्या, कॅथरिनचे मोडके चाक, लॉरेन्सची लोखंडी जाळी, सेबास्टियनचे बाण, बार्थॉलोम्यूची सोललेली कातडी इत्यादी. छळाचे साधनच विजयचिन्ह ठरावे, हे ह्या प्रतीकांचे वैशिष्ट्य होय. टॉमसच्या हाती भाला किंवा गुण्या असतो. त्यांपैकी दुसऱ्याचा संबंध भारतातील गोंडोफर्नीझ राजासाठी प्रासाद बांधण्याच्या कथेशी आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये प्रतिमावंदनास पुष्टी दिली. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली ती हीच परंपरा; म्हणून तेथील लाकडी व हस्तिदंती संतमूर्ती बायझंटिन आयकनपेक्षा ह्या चिन्हपद्धतीशी जवळच्या आहेत. जुने गोवे येथील ख्रिस्ती कलासंग्रहालयात त्यांचे नमुने पाहावयास मिळतात. पुण्यात दीर्घकाळ राहिलेले गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) ह्यांनी मेरीस साडी नेसवून ख्रिस्ती विषय भारतीय वेषात रंगविले.

आधुनिक काल : तेलाचा लेप कालांतराने काळवंडत असल्यामुळे जुनी आयकन चित्रे पुनःपुन्हा वरून रंगविली जात व धातूच्या पत्र्यांनी झाकली जात. मूळ वर्णवैभव लुप्त होऊन काळसरपणा हेच त्यांचे लक्षण समजले जाऊ लागले. १९०४ मध्ये ‘त्रैक्या’च्या स्वच्छतेस आरंभ झाल्यावर व १९१३ मध्ये मॉस्कोत प्राचीन रशियन कलेचे प्रदर्शन भरल्यावर हा समज दूर झाला. १९१७ च्या क्रांतीनंतर अगणित आयकन चित्रे नष्ट झाली, परदेशी विकली गेली वा संग्रहालयांत गेली. ‘त्रैक्य’ १९२९ पासून त्रेत्याकोव्ह कलासंग्रहालयात होते. २०२३ मध्ये ते चर्चच्या स्वाधीन करण्यात आले, तेव्हा नाजूक फलकाच्या सुरक्षिततेविषयी जतनतज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली. आयकन ही जपावयाची कलाकृती की वंदावयाची प्रतिमा, हा प्रश्न त्या निमित्ताने पुन्हा उपस्थित झाला.

विसाव्या शतकात ग्रीसमध्ये फोटिओस कोंतोग्लू (१८९५–१९६५), पॅरिसमध्ये लिओनिद उस्पेन्स्की (१९०२–८७) व ईजिप्तमध्ये आयझॅक फानूस (१९१९–२००७) ह्यांनी पारंपरिक शैलीचे पुनरुज्जीवन केले. नव्या संतांमुळे चिन्हांत भरही पडत आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत लिबियाच्या किनाऱ्यावर वीस ईजिप्शियन कॉप्टिक ख्रिस्ती कामगार व त्यांचा एक आफ्रिकी सोबती ह्यांची हत्या करण्यात आली. कॉप्टिक चर्चने त्या एकवीस जणांना हुतात्मे म्हणून मान्यता दिली. त्यांच्या आयकन चित्रांत मारेकऱ्यांनी त्यांना चढविलेला केशरी वेष तसाच ठेवलेला असून मस्तकांवर मुकुट उतरताना दाखविले आहेत. अपमानासाठी घातलेले वस्त्र अशा रीतीने हौतात्म्याचे चिन्ह बनले. कॅथरिनच्या चाकाला व लॉरेन्सच्या जाळीला ज्या प्रक्रियेतून अर्थ प्राप्त झाला, तीच येथेही दिसते.